घरामागे पसाभर धान

मोठेबाबा स्वतः कधी फोन करत नाहीत. फोन लावायचं काम मोठीआईचं, आणि एकदा लागला की बोलायचं कामही तिचंच. मोठेबाबा मागून "पानी आला का म्हणा तिकडं" एवढं विचारायचे आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं. त्यामुळे नवरात्रातल्या त्या सकाळी मी शिकवते त्या शाळेचा परिपाठ आटोपत असताना मोबाइलवर घरचा नंबर दिसला आणि कानाशी मोठेबाबांचा आवाज आला, तेव्हाच मी मुलांच्या रांगेतून बाजूला झाले. "मंदे, तुयी मोठीआई गेली व," ते म्हणाले. आणि लगेच पुढं, "चहा मांडला होता तिनं. थो तसाच आहे चुलीवर." साकोलीहून सानगडीच्या बसमध्ये बसले तरी माझ्या डोक्यात तो चहाच होता. उतू गेला असेल, आणि मोठीआईला चहा उतू गेलेला अजिबात चालत नाही, असाच काहीतरी विचार मी करत होते. माणूस गेल्याचं कळायला मनाला जरा वेळ लागतो.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून मला जे उरलं ते मोठेबाबा आणि मोठीआईचं घर. गाव सानगडीच्या अलीकडे आहे, नाव लिहीत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून गावातले दोन-चार जण अजूनही माझ्यावर रुसतील. माझं लग्न करून या दोघांनी मला शहापूरला पाठवलं होतं. तिथून मी परत आले. का आले, तेही इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे. पिशवी घेऊन मी अंगणात उभी राहिले तेव्हा मोठीआई ना रडली, ना तिनं मला जवळ घेतलं. "पाय धुवून ये, भात गरम आहे," म्हणाली. आणि आठवड्याभरात तिनं माझ्या मागं लकडा लावला, तो मतदार यादीत नाव घालण्याचा. मोठेबाबा वैतागले. "पोरगी राहते का जाते याचा पत्ता नाई, अन् नाव कायले पायजे?" मोठीआई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाव लागलं का माणूस गावचा होते." तेव्हा मला तिचा हा हट्ट जरा विचित्रच वाटला होता. राशनकार्ड, बँक, सगळं सोडून हिला यादीचंच काय पडलंय, असं वाटायचं.

तशी ती हट्टी होतीच. भाजीत मीठ जास्त झालं तरी कबूल करायची नाही, "तुमची जीभच आळणी झाली" म्हणायची. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूवर रागावून चक्क एक दिवस टीव्ही बंद ठेवायची. मोठेबाबा तिच्या अगदी उलट. शांत, मोजकं बोलणारे, पांढऱ्या पायजम्याला चिखलाचा डाग लागू न देणारे. गावात भांडण असो, लग्न असो, की मंडईच्या जत्रेला नाटक कोणतं आणायचं हा प्रश्न असो, शेवटचा शब्द त्यांचा. कोणीही तो मोडत नसे. घरात मोठीआई त्यांना खूप चिडवायची, पण चारचौघांत तिनं त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी परतल्यानंतरच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे शहापूरची माणसं ओसरीवर येऊन बसली, मोठेबाबांशी बोलली, आणि उन्हाळा सरला की मला परत धाडायचं ठरवून गेली. मी आत चहा करत होते. कोणी मला काही विचारलं नाही आणि विचारायला हवं होतं असं मलाही वाटलं नाही. पोरींचं असंच ठरत असतं. दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक लागली. खासदारांनी मधेच राजीनामा दिला, जागा रिकामी झाली आणि मतदान आलं ते थेट मे महिन्यात. मे म्हणजे आमच्याकडं तेंदूपत्त्याचे दिवस. अर्धं गाव पहाटेच जंगलात आणि दुपारभर ओसरीत पानांचे पुडके बांधत बसलेलं. वर लग्नसराई, वर ते ऊन... भंडाऱ्यात म्हणे देशभरातले पत्रकार उतरले होते. आमच्या गावापर्यंत तेवढा जीपवरचा भोंगा आला.

भोंगा आला आणि गावाच्या रागाला वाट मिळाली. आमच्या गावचा तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला. त्याच्या पाळीतून शेतांकडं पाणी सोडायची जी मोरी असते तिला आमच्याकडं तुडूम म्हणतात. ते तुडूम फुटलं होतं. पावसाळ्यात काठोकाठ भरलेलं पाणी रात्रंदिवस वाहून जायचं आणि धानाच्या लोंबीत दाणा भरायच्या वेळी तलावात गुरं धुण्यापुरतं पाणी उरायचं. अर्ज झाले, चकरा झाल्या, साहेब येऊन पाहून गेले. तेव्हा कोणीतरी म्हणालं, मतदानच करू नये. एकानंही करू नये. बघू मग कसे येत नाहीत. बोलता बोलता सगळ्या गावाला ते पटलं, आणि मारुतीच्या देवळासमोर पसा टाकायचं ठरलं.

हा पसा म्हणजे आमच्या गावची जुनी रीत. गावानं मिळून काही करायचं झालं की घरामागे पसाभर धान एका टोपल्यात टाकायचं. पसा पडला की ते घर बांधलं गेलं. सही नाही, शपथ नाही, पण तो शब्द मोडलेला माझ्या माहितीत नव्हता. मोडणाऱ्याच्या दारी कोणी उठत-बसत नाही, रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला कोणी येत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. टोपलं घेऊन किसना फिरला. किसना आमच्याच गल्लीतला, गावची सगळी टोपली तोच फिरवतो. पहिला पसा मोठेबाबांनी टाकला, मग एकेका घराचा कर्ता पुढं आला. आम्ही बायका मागं कडुलिंबाखाली उभ्या होतो. शेवटी टाळ्या झाल्या. मोठीआईनं टाळी वाजवली नाही, ती टोपल्याकडं बघत होती.

त्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, "अजी, टोपल्यात पसा कोणाचा टाकला?"

"घराचा. दुसऱ्या कोणाचा राहते?"

"घराचा म्हणजे तुमचा का माहा?"

मोठेबाबांनी ताटावरून मान वर केली. "काहून इचारून राहिली?"

"काई नाई. भात घ्या."

मी तिच्याबरोबर राहिल्यानं मला ते "काई नाई" चांगलं ओळखू येत होतं. एका दुपारी आम्ही दोघी ओसरीत तेंदूची पानं बांधत बसलो होतो आणि मीच विषय काढला. म्हटलं, तलाव दुरुस्त व्हायला नको का तुला? ती हसली. "मले नको? चिखलात पाय माहे राहतात, तुह्या मोठ्याबाबाचे नाई. पण असं रुसून होते का व? घरातली सून रुसली तं दिसते तरी, जेवली नाई, बोलली नाई. दिल्लीले रुसलेलं गाव कोठं दिसते?" मग पुढ्यातली पानं एकावर एक लावू लागली. पुढं जे बोलली ते तिनं आयुष्यात एकदाच बोलून दाखवलं असावं. "माह्यं लग्न ठरलं तवा मले कोणं इचारलं? घर चांगलं निंगालं थे माह्यं नशीब. कोणत्या बांधीत कोणतं धान लावाचं थे हे ठरवतात, रोवतो मी. पण मताच्या दिवशी थ्या खोक्याआड मी एकटीच राहतो. पहिल्या टायमाले सासऱ्यानं आमाले रेंगीत बसवून नेलं. शिक्का कोठं मारायचा थे रस्ताभर शिकवलं. बैलबी शिकले असतीन. मी मान हलवली, अन् आत जाऊन माह्या मनानं मारला." मी विचारलं, कोणाला? "तुलेही नाई सांगत," ती म्हणाली आणि पुडका गच्च आवळला.

मतदानाच्या दिवशी शाळेतल्या केंद्रावरचे कर्मचारी सकाळपासून माश्या मारत बसले होते. गल्लीच्या तोंडाशी, जिथून शाळेकडं वळतात तिथं, गावातल्या पुरुषांनी खाट टाकली होती आणि खाटेवर मोठेबाबा बसले होते. कोणी जाऊ नये म्हणून पहारा असं कोणी म्हणत नव्हतं, पण होता तो पहाराच. कोणी गेलंही नाही. उन्हं चढली तशी मोठीआई उठली. अंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसली, केसांना तेल लावलं आणि मला म्हणाली, "चाल."

मी मोठेबाबांच्या घरात राहणारी, त्यांच्या ताटात जेवणारी. उद्या शहापूरला जायचं की नाही हे ज्यांच्या हातात, त्यांचाच शब्द मोडायला मी निघायचं? मी म्हटलं, मोठीआई, आपल्या घराचा पसा पडलाय. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "तू कोणाच्या पशात होतीस व, मंदे?"

शहापूरच्या घराच्या पशात मी आता नव्हते आणि या घराच्या पशात कोणी मला धरलं नव्हतं. मी चपला घातल्या.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही पोचलो तेव्हा सगळी माणसं आमच्याकडं वळली. एकानं विचारलं, "मोठीआई, कोठं निंगाली?" ती म्हणाली, "शाळेत." कोणी हसलं नाही. सगळ्यांनी मोठेबाबांकडं पाहिलं. खाट अशी आडवी टाकलेली होती की बाजूनं जायला जागाच नव्हती. दुसरा एकजण जरा जोरात म्हणाला, "बाबाजी, तुमच्या घराचा पसा आहे टोपल्यात. पहिला तुमचाच होता." मोठेबाबांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. इतक्या वर्षांचा त्यांचा शब्द तिथं सगळ्यांसमोर टांगलेला होता आणि तो त्यांच्याच बायकोच्या हातात होता... मला वाटलं, ही आता परत फिरेल. फिरली असती तर कोणी तिला नाव ठेवलं नसतं.

तिनं पदर सावरला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच असेल, चारचौघांत नवऱ्याला प्रश्न विचारला. "अजी, थो पसा कोणाच्या हातानं पडला?"

"माह्या," मोठेबाबा म्हणाले.

"तं तुमी तुमचा पाळा. मी तुमाले चाला म्हणत नाई. पण मत घरामागं नाई राहत, माणसामागं राहते. थ्या यादीत आपल्या घराचं नाव नाई लिहिलं. तुमचं लिहिलं, माह्यं लिहिलं, या पोरीचं लिहिलं."

तेंदूची पानं घेऊन जाणारी एक बाई डोक्यावरचं ओझं तसंच धरून उभी राहिली होती. मोठेबाबा खाली बघत होते. मग ते उठले. त्यांनी कोणाला हाक मारली नाही, स्वतः वाकून खाटेचा एक पाय धरला आणि खाट ओढून बाजूला केली. "सरा रे," म्हणाले. "पसा टाकताना मी हिले इचारलं नवतं. आता कोणत्या तोंडानं अडवू?" आणि पुन्हा त्याच खाटेवर जाऊन बसले. संध्याकाळी मतदान संपेपर्यंत तिथंच बसून राहिले. स्वतः मात्र मत द्यायला गेले नाहीत. दिलेला शब्द त्यांनी पाळला. मला दोघांचाही तेवढाच अभिमान वाटतो, हे इथं सांगून टाकते.

केंद्रावरचे साहेब आम्हाला बघून खुर्चीतून उठलेच. बोटाला शाई लागली, मोठीआई त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली आणि चांगला वेळ लावून बाहेर आली. नंतर मी गेले. आत उभं राहिल्यावर मला कळलं, ती काय म्हणत होती ते. तिथं खरंच कोणी नसतं. सासर नसतं, माहेर नसतं, लोक काय म्हणतील तेही बाहेर राहतं. बटण दाबणारं बोट माझं होतं. आम्ही बाहेर आलो तर फाटकाशी ती तेंदूवाली बाई उभी, पानांचं ओझं भिंतीशी ठेवून. तिच्यामागं आणखी दोघी-तिघी. मग येतच राहिल्या. सगळ्या आल्या असं नाही, पुरुष तर हाताच्या बोटांवर. पण त्या दुपारी आमच्या गावात रांग लागली होती आणि ती बायकांची होती. निवडून कोण आलं ते सगळ्यांना माहीत आहे. मोठीआईनं मत कोणाला दिलं ते अजून कोणालाच माहीत नाही.

पुढं सगळं गोड झालं असं समजू नका. तुडूम काही लगेच दुरुस्त झालं नाही. कितीतरी दिवस काही घरांनी आमच्याकडं येणं-जाणं टाकलं. मोठेबाबांना पानठेल्यावर टोमणे बसायचे, की बाबाजी, घरी तुमची चालत नाई वाटते. ते शांतपणे सांगायचे, "चालते न. तिचीबी चालते." नंतर बायकाच अर्ज घेऊन साकोलीला जाऊ लागल्या. आम्ही मत दिलंय, आता तुम्ही बोला, असं तोंडावर म्हणायच्या. अर्धं काम सरकारनं केलं, अर्धं गावानं अंगमेहनतीनं. आता तुडूम ठीक आहे, थोडं गळतं.

पण माझ्या वाट्याला त्या दुपारचं जे आलं ते फार लवकर आलं. नांगरणीच्या सुमारास शहापूरची माणसं मला न्यायला आली. ओसरीवर बसली. मी सवयीनं चहा टाकायला आत वळले. मोठेबाबांनी हाक मारली. "मंदे, इकडं ये. चहा राहू दे." मी दारात उभी राहिले. ते पाहुण्यांना म्हणाले, "ठरलं होतं खरं. पण थे मी ठरवलं होतं. पोरीले इचाराचं राहून गेलं." आणि माझ्याकडं वळून विचारलं, "जाचं आहे का तुले?" आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी असं विचारत होतं. "नाई," मी म्हटलं. एवढाच शब्द. मोठेबाबांनी पाहुण्यांकडं पाहिलं. "आयकलं न? बस. आता आन चहा." मी आत गेले तर मोठीआई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिनं नुसता साखरेचा डबा माझ्याकडं सरकवला. त्या चहात मी दोनदा साखर घातली असणार, कारण पाहुण्यांनी तो अर्धाच प्यायला.

आज मी साकोलीत शिकवते, स्वतःच्या खोलीत राहते, स्वतःच्या किल्लीनं दार उघडते. यातलं काहीही मोठीआईनं मला हातात दिलं नाही. शिक्षणाचे कष्ट माझे, नोकरीची धावपळ माझी. तिनं फक्त एकदा मला विचारलं, तू कोणाच्या पशात होतीस. त्या प्रश्नाचे उपकार मी कसे फेडू? ती असताना हे तिला कधी सांगितलं असतं तर "पोट्टी पुस्तकासारखी बोलून राहिली" म्हणून हसली असती.

तलावाच्या कामासाठी गावात पुन्हा टोपलं फिरलं, तेव्हाची गोष्ट. किसना दारात आला. मोठेबाबांनी पसा टाकला आणि किसना निघणार तोच म्हणाले, "थांब." टोपलं त्यांनी आत नेलं, मोठीआईपुढं धरलं. "तुया टाक. पटत नसन तं नको टाकू." तिनं जरा विचार केल्यासारखं केलं, मुद्दाम, आणि मग टाकला. मग माझ्यापुढं आलं. तेव्हापासून आमच्या घरी टोपलं आलं की ज्याचा त्याचा पसा. शेजारच्या घरांनी हे उचललं. सगळ्या गावानं नाही, काही घरी अजून एकच पसा पडतो. पण किसनाला आता कोणत्या घरी किती वेळ थांबायचं ते पाठ आहे. मोठीआई सगळ्यांतच पसा टाकायची असंही नाही. एका वर्षी मंडईला जे नाटक आणायचं ठरलं ते तिला पसंत नव्हतं, तर तिनं सरळ हात मागं घेतला. आणि मग नाटकाला सगळ्यांत पुढं जाऊन बसली.

दिवाळीनंतर आमच्याकडं मंडई असते. यंदा दुःखाचं घर म्हणून आम्हाला कोणी विचारणार नाही असं वाटलं होतं, पण मोठेबाबांनीच किसनाला निरोप धाडला, टोपलं आमच्याकडं आन म्हणून. नवं धान घरात आलेलं होतं. मोठीआईनं रोवलेलं ते शेवटचं. मोठेबाबांनी त्यातला पसा टाकला. मी टाकला. आणि किसना तिसऱ्या पशासाठी टोपलं धरून तसाच उभा राहिला. त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो कानकोंडा झाला, पण त्याला हलताही येईना. मला ते बघवेना. मी वाकले, पोत्यात पुन्हा हात घातला, पसा भरून घेतला आणि टोपल्याकडं नेला. मोठेबाबांनी माझं मनगट धरलं. हळूच, पण घट्ट.

"तुया टाकला न तू?"

मी मान हलवली.

"मंग झालं. तिचा पसा कोणी टाकत नसते." माझ्या हातातलं धान त्यांनी परत पोत्यात पडू दिलं. "चाल किसना, समोर चाल."